हौसाबाईंचं वाक्य

"हे वाक्य कोण बोललं?" रेठरेकर सरांनी कार्ड उजेडाकडं धरून विचारलं.

"कुणी नाही सर. मीच तयार केलं."

"मग खोडा."

त्यांनी कार्ड टेबलावरून माझ्याकडं सरकवलं. माझ्या वळणदार अक्षरात त्यावर लिहिलं होतं, ‘त्या जमीनदाराने एक रखेल ठेवली होती.’ व्याकरण चोख होतं. चूक एवढीच, की हे वाक्य सांगली जिल्ह्यात कुणी जिवंत माणूस कुणाशी बोलला नव्हता. आणि रेठरेकर सरांच्या कोशात टेबलावर बसून रचलेल्या वाक्याला थारा नव्हता.

आमचं इंग्रजी-मराठी शब्दकोशाचं कार्यालय गणपती पेठेत हळदीच्या एका गोदामावर होतं. खाली पोती हलली की वर आमच्या कार्डांवर पिवळी पूड बसायची. संध्याकाळी घरी गेलो की आई म्हणायची, याला लग्न ठरायच्या आधीच हळद लागली. मी तेव्हा एम.ए. होऊन नुकता चिकटलो होतो आणि मराठीतलं सगळं मला येतं अशी माझी खात्री होती. ती उतरवायला सरांना फार दिवस लागले नाहीत. त्यांचा नियम असा, की शब्दाच्या प्रत्येक अर्थाला एक वाक्य हवं आणि ते वाक्य कुणाच्या तरी तोंडून आपल्या कानानं ऐकलेलं हवं. कार्डाच्या पुढच्या बाजूला वाक्य, मागच्या बाजूला बोलणाऱ्याचं नाव आणि गाव. दर शनिवारी आठवड्याची कार्डं मोठ्यानं वाचायची. ज्यानं लिहिली त्यानं वाचायची नाहीत, कारण आपल्या पोराचं नाक आपल्याला नकटं दिसत नाही, असं सर म्हणत.

मोठे शब्द बिचारे गरीब असतात. त्यांना एकच अर्थ, तो दिला की गुमान बसतात. खरा छळ बारक्या शब्दांचा. माझ्या वाट्याला ‘के’ हे अक्षर आलं होतं आणि त्यातला ‘कीप’ पावसाळाभर माझ्या मानगुटीवर बसला होता. वचन पाळायचं, कोंबड्या पाळायच्या, शेत राखायचं, तोंड बंद ठेवायचं, कुणाला ताटकळत ठेवायचं, प्रकृतीला जपायचं, दूध सकाळपर्यंत टिकायचं, आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करत राहायचं, हे सगळं इंग्रज माणूस एका ‘कीप’मध्ये उरकतो. आपल्याला त्यासाठी अर्धी मराठी बाहेर काढावी लागते. मी ती काढली होती. दुधाचं वाक्य आईचं होतं, शेताचं एका गुऱ्हाळवाल्याचं. अडलं होतं ते फक्त बाई ठेवण्यापाशी.

"गाळू या का हा अर्थ?" मी म्हटलं.

सर म्हणाले की गाळला तर कोश खोटा होईल. गावोगाव एवढ्या बायका ठेवल्या गेल्या आणि त्याबद्दल बोलणारं एक माणूस तुम्हाला भेटू नये, याचा अर्थ तुम्ही फक्त चांगल्या घरांतून हिंडता. यावर कोपऱ्यात बसलेले कित्तूरकर मास्तर तपकिरीची चिमूट नाकाशी धरूनच हसले. मला ते हसणं झोंबलं.

कित्तूरकर हे निवृत्त शाळामास्तर. माणूस सज्जन, पण पोटात काही राहायचं नाही. माझ्या वडिलांचे, दादांचे, ते जुने स्नेही होते, रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसायचे. त्यामुळं कार्यालयात मी दुपारी शिंकलो तर दादांना दिवेलागणीच्या आत ते कळायचं.

चौथी शालन सावर्डेकर. ‘डी’ तिच्याकडं होता. कार्यालयात सगळे तिला शालनताई म्हणायचे, अगदी सरसुद्धा. मी एकटाच ताई म्हणायचं शिताफीनं टाळायचो, आणि त्यावरूनच खालच्या हमालांनाही सगळं कळलं होतं. ती मला हेरवाडकर म्हणायची, अहो-जाहो करायची, आणि माझ्या वाक्यांची इतकी चेष्टा करायची की तिचं माझ्यावर मन आहे हे मला उशिरानं उमगलं.

मी लग्नाचं विचारलं ते कृष्णेच्या घाटावर. तिनं लगेच हो म्हटलं नाही. आधी माझ्या घरचं ऐका, मग पुन्हा विचारा, असं म्हणाली. आणि नदीकडं बघत तिनं सांगून टाकलं, की तिच्या आईचं लग्न झालेलं नाही. जयसिंगपुरात तंबाखूच्या वखारीचे एक मालक होते. त्यांना बायको होती, मुलं होती, बंगला होता. आईला त्यांनी वखारीमागच्या दोन खोल्यांत ठेवलं होतं. शालन त्यांचीच. सावर्डे हे आईचं गाव, तेच तिनं आडनाव म्हणून लावलं.

"आता विचारा," ती म्हणाली. "नाही विचारलंत तरी उद्या कामावर आपण नेहमीसारखं बोलू."

मी विचारलं. त्या क्षणी मला स्वतःचा भारी अभिमान वाटला, हेही सांगतो. दादांना मी महिनाअखेरीला सांगतो म्हणालो. महिनाअखेर आली, मग पुढची आली. दादा पोस्टमास्तर होते, सोवळ्याओवळ्याचे नव्हते, पण लोक काय म्हणतील हे त्यांच्या घरातलं आणखी एक माणूस होतं. मी आज नको, उद्या बघू, करत राहिलो. शालननं एकदाही तगादा लावला नाही. फक्त एका रविवारी ती म्हणाली, तुमच्या घरचं राहू दे, माझ्या आईला तरी भेटायला चला.

ती मला जयसिंगपूरला घेऊन गेली तेव्हा तिची आई, हौसाबाई, दारातच शेंगा फोडत बसल्या होत्या. उंच, सावळ्या, कपाळावर काही नाही. त्यांनी मला काय करता, किती शिकला, काही विचारलं नाही. माझ्यापुढं शेंगांचा ढीग सारला आणि म्हणाल्या, "घ्या. हात मोकळं ठिवून बोलायचं म्हंजे मानसाला अवघाड जातं."

मी शेंगा फोडल्या आणि त्या बोलल्या. मालकांचं शेवटी एक अंग गेलं. बंगल्यात कुणाला त्यांची उस्तवार करायची नव्हती, म्हणून एका संध्याकाळी त्यांना खाटेसकट इथं आणून ठेवलं. मग खाऊ घालणं, न्हाऊ घालणं, घाण काढणं, सगळं हौसाबाईंनी केलं. मालक गेले तेव्हा मात्र बंगल्यातनं गाडी आली आणि मयत तिकडं घेऊन गेली, कारण माणसं तिकडं जमणार होती. हे त्या कुरकुरीचा सूर न लावता सांगत होत्या, एकीकडं माझ्या ढिगातले कुजके दाणे निवडत होत्या.

"लोक म्हंत्यात, हिला ठेवल्याली," त्या म्हणाल्या. "खोटं न्हाई. मला ठेवलं त्येंनी. पर सांभाळलं म्या त्यास्नी."

मी शेंग फोडायचा थांबलो. माझ्यासमोर एका बाईचा जन्म उघडा पडला होता आणि माझ्या डोक्यात कार्ड तयार झालं होतं. हा धंद्याचा रोग आहे. डॉक्टर म्हणे पंगतीतसुद्धा शेजाऱ्याची जीभ बघतो, तसं. एकाच दमात ‘कीप’चे दोन अर्थ, आणि दोन्ही जिवंत. येताना एस.टी.त मी ते वाक्य विसरू नये म्हणून ओठातल्या ओठात घोकत होतो. शालनला वाटलं मला गलबलून आलंय. तिनं माझा हात हातात घेतला. पहिल्यांदाच. मी तो तसाच राहू दिला आणि घोकत राहिलो.

कार्ड मी दुसऱ्याच दिवशी लिहिलं. मागच्या बाजूला नाव लिहायला पेन टेकवलं आणि उचललं. शेवटी लिहिलं, ‘एक प्रौढ स्त्री, जयसिंगपूर.’ शालनला सांगायचं होतं, विचारायचं होतं. ती चार दिवस रजेवर होती. तेवढ्यात सर एकटे दिसले आणि मला राहवलं नाही. मी कार्ड त्यांच्यापुढं ठेवलं.

सरांनी ते वाचलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. म्हणाले, असं वाक्य एखाद्याच कोशाच्या नशिबात असतं. त्यांनी मला खुर्ची दिली, स्वतःच्या थर्मासमधला चहा दिला. कित्तूरकर लांबून टकमका बघत होते. एवढं कौतुक अंगावर पडल्यावर, हे वाक्य थोडे दिवस बाजूला ठेवू या, असं म्हणायला जीभ रेटेना. शालन कामावर आली तेव्हा शुक्रवार होता. मी दिवसभरात चारदा तिच्या टेबलाशी गेलो आणि चारदा शाईची बाटली घेऊन परत आलो.

शनिवारी सर भलतेच खुशीत होते. माझा गठ्ठा नेहमी कित्तूरकर वाचायचे. सरांनी तो उचलून शालनपुढं ठेवला. "शालनताई, आज तुम्ही वाचा. यात एक बाईच्या तोंडचं वाक्य आहे. ते बाईच्याच आवाजात ऐकायचंय मला."

मी काही बोलायला हवं होतं. मी पेन्सिलीला टोक करू लागलो.

ती ठसठशीत वाचायची. वचन पाळलं, कोंबड्या पाळल्या, शेत राखलं. प्रत्येक कार्ड उलटून मागचं नाव आणि गाव. सर मान हलवायचे, ती पुढचं घ्यायची. मग ते कार्ड आलं. तिनं पहिला शब्द उच्चारला आणि तिला कळलं. आवाज थांबला नाही. तिनं ते आईच्या हेलात, जसंच्या तसं, शेवटपर्यंत वाचलं.

"मला ठेवलं त्येंनी. पर सांभाळलं म्या त्यास्नी."

"वा," कित्तूरकर म्हणाले.

तिनं कार्ड उलटलं. "एक प्रौढ स्त्री, जयसिंगपूर."

"नाव?" सर माझ्याकडं वळले. चहा पाजला तेव्हा त्यांनी मागची बाजू बघितली नव्हती. "हेरवाडकर, नाव का नाही? नियम तुम्हाला ठाऊक आहे. एवढं मोलाचं वाक्य आणि बोलणारीला नाव नाही, हे चालायचं नाही. कोण आहेत या बाई?"

शालन माझ्याकडं बघत होती. रागानं नाही. परीक्षेत मुलाला उत्तर येतंय हे माहीत असलेली बाई त्याच्याकडं बघते, तसं. तिच्या शेजारी कित्तूरकर तपकिरीची डबी उघडी ठेवून कान देऊन बसले होते. मी नाव सांगितलं तर सर विचारणार, तुमची ओळख कशी. आणि दिवेलागणीला आमच्या ओट्यावर सगळं पोचणार, जे मला दोन महिन्यांत सांगता आलं नव्हतं.

"माहीत नाही सर," मी म्हटलं. "स्टँडवर बसल्या होत्या. कानावर पडलं म्हणून लिहून घेतलं."

"तुमच्या ओळखीच्या नाहीत?"

"नाही. ओळखीच्या नाहीत."

खाली कुणीतरी पोतं टाकलं, त्याचा आवाज आला. सर म्हणाले, मग नाइलाज आहे, कार्ड बाद करावं लागेल, आणि त्यांनी हात पुढं केला. शालननं ते दिलं नाही. तिनं माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली, कार्ड पालथं ठेवलं आणि ‘एक प्रौढ स्त्री’ यावर रेघ मारली.

"हौसाबाई सावर्डेकर," लिहिता लिहिता तिनं मोठ्यानं सांगितलं. "जयसिंगपूर. माझी आई आहे सर. वाक्य खरं आहे. बाद करू नका."

तिनं पुढचं कार्ड घेतलं. ते दुधाचं होतं. "हे दूध सकाळपर्यंत टिकायचं नाही," तिनं वाचलं, कार्ड उलटलं, माझ्या आईचं नाव वाचलं, गाव वाचलं. असा तिनं सगळा गठ्ठा संपवला.

नंतर मी तिला बाहेरच्या गॅलरीत गाठलं. न विचारता वाक्य घेतलं, चुकलो, असं काहीबाही बोलत होतो. तिनं बोलू दिलं.

"वाक्याचं काही नाही," ती म्हणाली. "आईला सांगितलं असतंत तर तिनं अजून दोन दिली असती. तिला आवडलं असतं."

"मग?"

"मग काय, हेरवाडकर."

मी म्हटलं की कित्तूरकर बसले होते, दादांच्या कानावर भलत्या तोंडून गेलं असतं, मी घाबरलो. ती म्हणाली, कळतंय मला. घाबरलात हे कळतंय. आणि पिशवी घेऊन जिना उतरून गेली.

त्या संध्याकाळी कित्तूरकर ओट्यावर आले आणि बराच वेळ बसले. मी आतल्या खोलीत अंग चोरून पडलो होतो. ते गेल्यावर दादांनी हाक मारली नाही. दुसरा दिवसही तसाच गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी दाढी करता करता दादा आरशातूनच म्हणाले, "सावर्डेकरांची मुलगी तुझ्या मनात आहे, असं मास्तर म्हणत होते."

मी हो म्हटलं.

"चारचौघांत आईचं नाव सांगितलं म्हणे तिनं. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं सांगताना." त्यांनी पुढचा गाल साबणानं माखला. "अशी सून लोकांना मागून मिळत नाही. तुझ्या आईशी बोललोय मी. जाऊन ये तिकडं, आणि आम्ही कधी यावं ते विचारून ये."

एवढंच. ज्याला मी दोन महिने भीत होतो ते एवढंच होतं. मला आनंद झाला, आणि त्याच वेळी आपण किती स्वस्तात घसरलो हे कळून तोंड कडू झालं. पण तरुण माणूस आनंदाच्या बाजूनं धावतो. शालननं आठवडाभराची रजा टाकली होती. मी पेढे घेतले आणि जयसिंगपूरची गाडी धरली. रस्ताभर मला वाटत होतं की आता सगळं निस्तरलं.

हौसाबाई घरात होत्या. शालन आत चुलीपाशी होती, तिची सावली तेवढी दिसत होती. मी पेढे ठेवले, वाकून नमस्कार केला आणि दादांचा निरोप सांगितला. झाल्या प्रकाराची माफी मागितली. घरचे तयार आहेत, आता कसलीच आडकाठी नाही, असं दोनदा सांगितलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शालनला चहा टाकायला सांगितलं. मग पदरानं हात पुसत म्हणाल्या, "तुमच्या वडलास्नी माझा नमस्कार सांगा. मोठ्या मनाचं हाईत."

"मग त्यांना कधी घेऊन येऊ?"

"न्हाई आनायचं."

मला वाटलं, शालन रुसली आहे, म्हणून असं म्हणतात. मी तिच्याशी बोलतो म्हणालो. त्यांनी मान हलवली.

"तिचं न्हाई. ती हो म्हनंल बी. मीच नगं म्हनती." त्या खाली टेकल्या. "आमचं मालक लई चांगलं हुतं. कदी हात उचलला न्हाई, कदी उपाशी ठिवलं न्हाई. हितं आलं की लेकरागत बोलायचं. पर बाजारात समोरनं आलं की दुकानाच्या पाट्या वाचत जायचं. मी भाजी घेत हुबी, आन ह्ये पाट्या वाचत्यात. पोरगी बोटाला धरल्याली असायची माझ्या. ती इचारायची, आई, अन्ना वाचत्यात काय?"

आत भांड्याचा आवाज थांबला.

"वाईट न्हवतं त्यांच्या मनात. भ्यायचं निस्तं. तुमच्या बी मनात वाईट न्हाई, ते बगितलंय मी. पर असल्या एका मानसासंगं म्या जलम काढला. तिनं आनि दुसऱ्यासंगं का काढावा?"

तो प्रश्न ऐकून आता चाळीस वर्षं झाली. त्यातली पुष्कळशी मी शब्दांचे अर्थ लावण्यातच घालवली.

शालननं चहा आणून दिला. कशी आहेस म्हणून विचारायचं धैर्य झालं नाही. तिचे डोळे सुजले होते, पण तिनं कपात साखर माझ्या सवयीची, जास्त घातली होती. मी चहा संपवला आणि उठलो. ती दारापर्यंतही आली नाही. हौसाबाईंनी मात्र पायात चपला सरकवल्या आणि म्हणाल्या, चला, स्टँडापतुर येते, आडवाटेनं चुकचाल.

रस्ता बाजारातूनच होता. सोमवार होता, माणसांची ही गर्दी. त्या माझ्या शेजारून, बरोबरीनं चालत होत्या. मी मान खाली घातली होती. एका भुसारी दुकानातून गल्ल्यावरच्या माणसानं वाकून विचारलं, "काय हौसाबाई, कोन म्हनायचं पावनं?"

त्या थांबल्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि त्या माणसाला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "सांगलीचं हेरवाडकर. वळखीचं हाईत आमच्या."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुकानदारानं हात जोडले, मीही जोडले. आम्ही स्टँडवर आलो. गाडीला अजून वेळ होता. मी तुम्ही जा म्हणालो तरी त्या गेल्या नाहीत, गाडी सुटेपर्यंत माझ्याशेजारी उभ्या राहिल्या.